रोजचं ऑफिस आणि रविवारचा घाट: दमदार हॅचबॅक निवडतानाचे अनुभव

मंडळी, आपल्याकडे चार मीटरच्या आतली, १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी कमी करात बसते. म्हणून इथल्या बहुतेक दमदार हॅचबॅक १ ते १.२ लिटरच्या टर्बो इंजिनावर (जास्तीची हवा दाबून भरून ताकद वाढवणाऱ्या) चालतात आणि कागदावर सगळ्या १०० ते १२० पीएसच्या (इंजिनाच्या ताकदीचं माप; बीएचपी जवळपास तेवढंच) आसपास दिसतात. खरा फरक गिअरबॉक्स, सस्पेन्शन आणि आपला रोजचा रस्ता यांनी पडतो. दोन-तीन गाड्यांमध्ये ओढाताण होऊन शेवटी एक घेतलेल्यांनी कारणासकट लिहा. नुसतं 'भारी आहे' नको.

पुणे, पोलो जीटी टीएसआय
माझी जुनी १.२ लिटरची, १०५ पीएस, ७ गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स). चाकणचीच पैदास! हायवेला शंभरच्या पुढे ती जी रस्ता धरून बसते, त्यासाठीच घेतली. ट्रॅफिकमध्ये मात्र इंचाइंचाने सरकवू नका. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग ब्रेक पूर्ण सोडा. कोरडा क्लच अर्धवट घसरत राहिला की तापतो. रोज बंपर टू बंपर असेल तर २०२० नंतरची १.० टीएसआय शोधा. तिच्यात टॉर्क कन्व्हर्टर (कोरड्या क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारा ऑटोमॅटिक) आहे, गर्दीत निवांत चालते.

पिंपरी, अबार्थ पुंटो
वरच्या पुणेकरांची पोलो मीही चालवून पाहिली होती. पण फियाटच्या रांजणगाव कारखान्यातल्या अबार्थने मन जिंकलं. १.४ लिटर, १४५ बीएचपी, २१२ न्यूटन-मीटर टॉर्क (खेचण्याचा जोर), तेही २०१५ साली दहा लाखांच्या आत (एक्स-शोरूम)! २००० आरपीएमच्या खाली टर्बो झोपलेला असतो, त्यामुळे सिग्नलला पहिला-दुसरा गिअर सतत बदलावा लागतो. पण ताम्हिणीत दुसऱ्या गिअरवर वळणातून बाहेर पडताना हायड्रॉलिक स्टीअरिंग रस्त्याचा खडा न् खडा हाताला सांगतं. आजच्या इलेक्ट्रिक स्टीअरिंगमध्ये ही मजा मला कुठेच मिळाली नाही. पावसाळ्यात तिथे पाय हलका ठेवा, पुढची चाकं लगेच पकड सोडून जागीच गरगरतात. जुनी घेणार असाल तर आधी हा टर्बो जाणणारा मेकॅनिक गाठा, मग गाडी.

ठाणे, बलेनो आरएस
आई-बाबा मागे बसणार होते. पोलोत त्यांचे गुडघे टेकत होते, विषय संपला. १०२ पीएस फार नाहीत, पण गाडीचं वजनच साधारण ९५० किलो. घोडबंदरला ओव्हरटेक करायला पुरून उरतात.

बर्मिंगहॅम, आय२० एन
भारतात मिळणारी आय२० एन लाइन वेगळी. ही १.६ लिटर, २०४ पीएस. समोर होती फोर्डची २०० पीएसची फिएस्टा एसटी. दोन्ही कडक, खड्ड्यात पाठीला कळतं. एसटी जास्त खेळकर वाटली. पण आय२० एनमध्ये मेकॅनिकल लिमिटेड-स्लिप डिफरेन्शिअल (एकच चाक नुसतं घसरत फिरू न देता ताकद दुसऱ्या चाकाला देणारी यंत्रणा) मुळातच मिळत होतं, एसटीला त्यासाठी वेगळा पॅक. वेल्सच्या ओल्या, अरुंद वळणांवर तेच कामाला येतं.

नाशिक, अल्ट्रोझ रेसर
एन लाइन की रेसर, दोन्ही १२० पीएस. चारी चाकांना डिस्क ब्रेक म्हणून एन लाइनकडे झुकलो होतो. मग घरच्यांना मागे बसवून दोन्ही गाड्या आमच्याच गल्लीतल्या स्पीडब्रेकरवरून नेल्या आणि कौल रेसरला मिळाला. नाशिकच्या उन्हात आतून पंख्याची हवा देणाऱ्या सीट्स म्हणजे चैन आहे, आणि कसारा घाटात सहा गिअरचा मॅन्युअल मनासारखा खेळवता येतो. ऑटोमॅटिक हवी असेल तर मात्र एन लाइनचा डीसीटीच (हाही दोन क्लचचा ऑटोमॅटिक) बघा, रेसर फक्त मॅन्युअलमध्ये आली.