डॉक्टर हू: शेवट पटला का, आणि बिली पायपर चालेल का?

निळी पेटी

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश विज्ञानकथा मालिकेच्या मोसमाचा शेवटचा भाग, ‘द रिॲलिटी वॉर’, ३१ मे २०२५ ला आला. काळातून फिरणारा परग्रहवासी नायक, म्हणजे शूटी गाटवाचा डॉक्टर, कायापालट होऊन गेला आणि त्याच्या जागी पूर्वी याच मालिकेत रोझ झालेली बिली पायपर उभी राहिली. तेव्हापासून जो तो पायपरबद्दलच बोलतोय. मला बेलिंडाबद्दल बोलायचंय, कारण तिच्यावर झालेला अन्याय त्या एका धक्क्याखाली दडपला गेला. (पुढे सगळं उघड करून लिहिलंय. पाहायचं राहिलं असेल तर आधी पाहून या.)

बेलिंडा चंद्रा नर्स आहे. भूमिका वरदा सेतूची, मूळची केरळची अभिनेत्री. पहिल्याच भागात डॉक्टर तिला न विचारता तिचा डीएनए तपासतो आणि ती त्याला तिथल्या तिथे सुनावते. मी तुझ्या साहसांसाठी आलेली नाही, मला माझ्या घरी सोड, एवढंच तिचं मागणं. डॉक्टरवर न भाळणारी आणि त्याला जाब विचारणारी सोबतीण म्हणून मला ती पहिल्या प्रसंगापासून आवडली.

मग आला ‘विश वर्ल्ड’. कॉनराड या खलनायकाच्या मनातलं जग खरं झालेलं. त्यात बायकांनी घर सांभाळायचं, अपंग माणसं कुणाच्या खिजगणतीतही नाहीत, आणि बेलिंडा ही डॉक्टरची बायको, पॉपी नावाच्या मुलीची आई. हे जग भयंकर आहे असं मालिका आपल्याला बजावून सांगते. शेवटच्या भागात ते जग मोडतं, पण बेलिंडाचं आईपण तेवढं उरतं. ऐन लढाईत तिला पॉपीसह एका सुरक्षित खोलीत बंद केलं जातं, त्यामुळे निर्णायक क्षणी ती कुठेच नाही. पुढे पॉपी नाहीशी होते. डॉक्टर जीव पणाला लावून वास्तव एका अंशाने सरकवतो आणि पॉपी परत येते, आता बेलिंडा आणि तिच्या आधीच्या जोडीदाराची मुलगी म्हणून. मोसमातले मागचे प्रसंग पुन्हा दाखवले जातात आणि त्यांत बेलिंडा म्हणताना दिसते की मला पॉपीकडे जायचंय.

म्हणजे घरी जायचा तिचा हट्ट तिचा स्वतःचा राहिलाच नाही. ज्या बाईने ‘न विचारता’ या एका गोष्टीवरून डॉक्टरला अडवलं, तिचं अख्खं आयुष्य तिला न विचारता बदललं. मालिकेला त्यात काही खटकलेलंही दिसत नाही.

जुना प्रेक्षक

अजिबात पटलं नाही. तुम्ही त्या भागातला सगळ्यात चांगला प्रसंग वगळून निकाल दिलाय.

पॉपी नाहीशी होते तो क्षण आठवा. डॉक्टर आणि बेलिंडा टार्डिसमध्ये, म्हणजे डॉक्टरच्या कालयानात, उभे राहून पुढच्या प्रवासाच्या गप्पा मारतायत. हातात पॉपीचं छोटं जाकीट. तो घडी घालून तिच्या हातात देतो, ती आणखी एक घडी घालते, परत त्याच्याकडे. प्रत्येक घडीला जाकीट लहान होत जातं आणि शेवटी हात रिकामे. दोघांच्या बोलण्यात खंड नाही, हसणंसुद्धा तसंच. हे फक्त रूबीला, डॉक्टरच्या आधीच्या सोबतिणीला, दिसतंय, आणि तिला काय बोलावं कळत नाही. आरडाओरडा नाही, संगीताचा मारा नाही, आणि दोन माणसांचं मूल गेलं.

त्यानंतर डॉक्टर केवळ रूबीच्या शब्दावर विश्वास ठेवतो. स्वतःला काही आठवत नसताना. आणि एका मुलीसाठी जीव देतो. पीटर डेव्हिसनचा डॉक्टर १९८४ मध्ये पेरी या सोबतिणीसाठी गेला, डेव्हिड टेनंटचा विल्फ्रेड या एका म्हाताऱ्यासाठी. विश्व वाचवून झाल्यावर एका माणसासाठी मरणं, ही या मालिकेची परंपरा आहे. गाटवाला त्या रांगेतला शेवट मिळाला. यात बेलिंडाचा अपमान मला दिसत नाही.

रात्रपाळी

जाकिटाचा प्रसंग सुंदर आहे, वादच नाही. पण तो डॉक्टरचा आणि रूबीचा प्रसंग आहे. बेलिंडा त्यात फक्त विसरते.

मी स्वतः नर्स आहे, म्हणून हे जास्त लागलं असेल. बेलिंडा पहिल्या भागात दिसते ती ड्युटीवर. दमलेली, तरी कामात चोख. वाटलं, हिच्या हातातली ही कला पुढे उपयोगाला येणार. जखमी माणसासमोर डॉक्टर गोंधळेल आणि ही ताबा घेईल, असा प्रसंग मी शेवटच्या भागात शोधत होते. आई असण्याला माझा आक्षेप नाही, माझ्याबरोबर रात्री जागणाऱ्या कितीतरी जणी आया आहेत. आई झाली म्हणून त्यांच्यातली नर्स पुसली जात नाही. इथे नेमकं तेच झालं.

खगोलवेडी

बेलिंडाच्या बाबतीत निळी पेटीशी सहमत. पायपरच्या बाबतीत नाही. तिचं येणं काही झाकण्यासाठी होतं असं मानायला मी तयार नाही.

नव्या लोकांसाठी: डॉक्टर मरायला टेकला की त्याचा कायापालट होतो, चेहरा आणि स्वभाव बदलतो, आठवणी राहतात. १९६६ मध्ये विल्यम हार्टनेलची तब्येत साथ देईना तेव्हा ही युक्ती निघाली आणि पॅट्रिक ट्राउटन आला. इतर मालिकांमध्ये नट बदलला की प्रेक्षकांना काही घडलंच नाही असं समजून चालावं लागतं. इथे बदल हीच गोष्ट. म्हणून ही मालिका १९६३ पासून आजवर टिकली.

राहिला प्रश्न ओळखीच्या चेहऱ्याचा. पायपर २००५ मध्ये डॉक्टरची सोबतीण रोझ म्हणून आली, २०१३ च्या पन्नाशीच्या विशेष भागात तिने ‘द मोमेंट’ नावाची दुसरी भूमिका साकारली. तेच तोंड पुन्हा कसं, असं विचारणाऱ्यांनी कॉलिन बेकर आठवावा. १९८३ मध्ये तो मॅक्सिल नावाचा पहारेकरी होता, पुढच्याच वर्षी डॉक्टर झाला. पीटर कपाल्डी २००८ मध्ये पॉम्पेईचा रहिवासी होता आणि नंतर डॉक्टर. त्याचा चेहरा तोच का, याला २०१५ मध्ये सुरेख कारण दिलं गेलं: कुणाला तरी वाचवायचं असतं याची आठवण म्हणून डॉक्टरने तो चेहरा घेतला. रोझच्या चेहऱ्यामागेही असं काही असेल तर मला ते पाहायचंय.

अर्धविराम

बेकर आणि कपाल्डीची तुलना टिकत नाही. ती दोघं छोट्या भूमिकांतून आली, त्यांना कुणी डॉक्टरच्या प्रेमकथेची नायिका म्हणून ओळखत नव्हतं. रोझचा चेहरा म्हणजे २००५ चा सगळा आठवणींचा साठा. आणि हे पहिल्यांदा होत नाहीये. २०२२ मध्ये जोडी व्हिटेकर गेली तेव्हा नवा माणूस यायच्या ऐवजी टेनंट परत आला. लागोपाठच्या दोन मुख्य डॉक्टरांच्या निरोपात शेवटची चौकट जुन्या लाडक्या चेहऱ्याला मिळाली. प्रेक्षक परत यावेत म्हणून मागे वळायची सवय लागलीय, आणि तीच या मालिकेच्या मुळावर येईल.

मॅट स्मिथचं नाव जाहीर झालं तेव्हा तो २६ वर्षांचा होता आणि बहुतेकांनी त्याला कुठे पाहिलेलंही नव्हतं. लोक खवळले. वर्षभरात त्याच्याशिवाय दुसरा डॉक्टर सुचेना. धोका पत्करून मिळवलेलं यश ते.

गाटवाचं दुःख वेगळंच. आठ-आठ भागांचे दोन मोसम, दोन नाताळ विशेष भाग. मालिकेच्या जुन्या शत्रूंपैकी डालेकची एकही धड कथा नाही, सायबरमॅन नाहीत. या मालिकेचा मुख्य भूमिकेतला पहिला कृष्णवर्णीय नट, आणि त्याच्या निरोपाची शेवटची चौकट दुसऱ्याच्या पुनरागमनाची. टार्डिसच्या उघड्या दारातून, आधीच्या नाताळ भागातली जॉय जो तारा झाली त्याच्याकडे पाहत तो हसत जातो, ते त्याने काय केलंय! डोळ्यांत पाणी आलं. आणि ते सुकायच्या आत सगळे ओरडतायत, अरे, रोझ!

जुना प्रेक्षक

गाटवाबद्दलचा प्रत्येक शब्द मान्य. पण त्या वेळची परिस्थितीही बघा. हा भाग प्रसारित झाला तेव्हा पुढचा मोसम मंजूर झालेला नव्हता. मालिकेच्या भागीदार डिस्नीशी करार चालू राहणार का, कुणालाच ठाऊक नव्हतं. अशा वेळी नवा डॉक्टर कोणाच्या जिवावर जाहीर करायचा? एखाद्या तरुण नटाला घेतलं असतं आणि मालिका बंद पडली असती, तर त्याच्या वाट्याला एक हास्य आणि दोन शब्द आले असते.

श्रेयनामावली पाहिलीत का? एरवी नव्या नटाच्या नावापुढे ‘ॲज द डॉक्टर’ लिहितात. इथे नुसतं ‘इंट्रोड्युसिंग बिली पायपर’. दार मुद्दाम उघडं ठेवलंय. मला हा शहाणपणा वाटतो.

अर्धविराम

दार उघडं ठेवायचं तर कायापालट अर्ध्यावर सोडता आला असता. प्रकाश दिसतो, चेहरा दिसत नाही, संपलं. तेवढ्यानेही मालिका जिवंत राहिली असती आणि गाटवाचा निरोप त्याचाच राहिला असता.

निळी पेटी

जुना प्रेक्षक, परंपरेचा तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेते. पण पेरी आणि विल्फ्रेड वाचल्यावर पेरी आणि विल्फ्रेडच राहिले. डॉक्टरच्या त्यागाने त्यांचा भूतकाळ बदलला नाही. बेलिंडाचा बदलला. पॉपीला वाचवायला माझा विरोध नाही. नव्या वास्तवात बेलिंडाला जुनं आयुष्य क्षणभर जरी आठवलं असतं, आणि तिने स्वतःच्या तोंडाने ‘मला हीच मुलगी हवी आहे’ असं म्हटलं असतं, तर माझी तक्रारच उरली नसती. दोन ओळींचं काम होतं.

आणि सुझनचं काय? डॉक्टरची नात, कॅरोल ॲन फोर्ड, १९६३ च्या पहिल्या भागातली. तिला याच मोसमात दोनदा झलक म्हणून दाखवलं, ‘मला शोध’ असं म्हणायला लावलं. शेवटच्या भागात तिचा पत्ताच नाही. जिच्यापासून ही गोष्ट सुरू झाली, ती अभिनेत्री इतक्या वर्षांनी परत येते आणि तिला कुणी शोधतच नाही.

खगोलवेडी

सुझनवरून माझीही निराशा झाली. त्यात ओमेगा या जुन्या खलनायकाची भर घाला. १९७३ मध्ये तो शोकांतिकेतला राजा होता: ज्याच्या बळावर टाइम लॉर्डांना, म्हणजे डॉक्टरच्या जमातीला, कालप्रवास जमला, तो स्वतः प्रतिद्रव्याच्या जगात अडकलेला, शरीर उरलेलं नाही, केवळ इच्छाशक्तीवर तग धरून. इथे संगणकावर घडवलेला हाडांचा राक्षस. येतो, राणी नावाच्या खलनायिकेला गिळतो, एका फटक्यात परत जातो. राणी म्हणून आर्ची पंजाबीसारख्या अभिनेत्रीला आणून दोन भागांत संपवली! ती ज्या ठसक्याने चालत येते, त्यावर अख्खा मोसम उभा राहिला असता.

तरी पुढच्याची उत्सुकता आहेच. बीबीसीने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की डिस्नी यापुढे बरोबर नसेल आणि मालिकेचे मुख्य लेखक रसेल टी डेव्हिस २०२६ च्या नाताळासाठी विशेष भाग लिहितील.

रात्रपाळी

त्या भागात पायपर डॉक्टर असो वा आणखी कुणी, मला चालेल. माझी मागणी एकच: टार्डिस बेलिंडाच्या दाराशी थांबावी, ती कामावर निघालेली असावी आणि या नव्या डॉक्टरने तिला आधी विचारावं.

जुना प्रेक्षक

नको. तिला घरी जायचं होतं, ती घरी आहे. नाताळच्या एका भागात पायपरचा उलगडा करायचा, नवा माणूस आणायचा, एवढ्यालाच वेळ पुरणार नाही. त्यात बेलिंडाला पाच मिनिटं दिली तर पुन्हा धावपळीतच तिचं काहीतरी होईल, आणि तुम्हीच परत चिडाल.

निळी पेटी

पाच मिनिटंही चालतील. वरदा सेतूला बोलायला द्या, बाकी ती बघून घेईल.