लूप लागला अन् काटा थांबला: नेटवर्क आडवं झाल्याचे तुमचे अनुभव

कृष्णाकाठचा
परवा थोरलीनं माझं टेबल आवरलं. राउटरमागं एक वायर लोंबत होती, तिचं मोकळं टोक तिनं रिकाम्या भोकात खोचून टाकलं. "आता कसं छान दिसतंय." दोन मिनिटांत घरातलं नेट बंद आणि राउटरचे दिवे सगळे एकदम फडफडायला लागले. ते दिवे बघितले अन् पोटात जुना गोळा आला.

तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात ईडीपीला, म्हणजे कॉम्प्युटर विभागात, होतो. हंगाम भरात. सकाळी सव्वासहाला वजनकाट्यावरनं फोन, "साहेब, वजन दिसतंय पण पावती निघंना." पाठोपाठ शेतकी ऑफिस, मग अकाउंट, मग गोडाऊन. मी पोचेपर्यंत यार्ड भरून ट्रॅक्टरची रांग गेटबाहेर, बैलगाडीवाले काट्याच्या खिडकीला तोंड लावून ओरडतायत. काट्यावरचा क्लार्क जुना माणूस. त्यानं कपाटातनं कार्बनचं पावतीपुस्तक काढलं, फुंकर मारली आणि हातानं लिहायला बसला. ऊस टाकायची गव्हाण चालू राहिली ती त्याच्यामुळं.

सर्व्हरला पिंग केलं तर एक उत्तर येतंय, चार गायब. सगळ्या वायरी जोडणाऱ्या स्विचचं लॉगिन पान उघडंना. शेवटी रॅकसमोर उभा राहून एकेक वायर उपटत गेलो. चौदाव्या वायरीला सगळे दिवे शांत. ती जात होती शेतकी ऑफिसला. तिथं टेबलाखाली पाच पोर्टांचा साधा डबा, आणि एका वायरीची दोन्ही टोकं त्याच डब्यात, म्हणजे लूप. आदल्या रात्री झाडलोट करताना कुणीतरी सुटलेली वायर "जागेवर" लावलेली.

खरी लाज पुढं आहे. मेन स्विच मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग करता येणारा होता, लूप रोखणारं एसटीपी (स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल) त्यात होतं. मीच बंद केलेलं. सकाळी पीसी लावला की अर्धा मिनिट नेट मिळायचं नाही, आयपी 169.254 नं सुरू होणारा, म्हणजे पत्ता न मिळाल्याची खूण, यायचा आणि अकाउंटवाले माझ्या नावानं शंख करायचे. ती 30 सेकंदं वाचवली अन् अडीच तास घालवले.

तुमचं सांगा.

भडंगप्रेमी
काटा बंद आणि हातानं पावती? म्हणजे शेतकऱ्याला त्या दिवशी खरं वजन मिळालं म्हणायचं 😀

कृष्णाकाठचा
हे येणार माहीतच होतं मला.

पोवईनाका
आमच्याकडं उलटं. कॉलेजची लॅब, साताऱ्यात. एसटीपी चालू, पण कुणी हात लावलेला नाही. सगळ्यांची प्रायॉरिटी (आकडा लहान तो वरचढ) आपली आहे ती, 32768. बरोबरी झाली की ज्याचा मॅक ॲड्रेस (यंत्राचा स्वतःचा नंबर) लहान तो रूट, म्हणजे सगळ्या स्विचांचा म्होरक्या. आता लहान मॅक कुणाचा, तर लायब्ररीत धूळ खात पडलेल्या शंभर एमबीच्या म्हाताऱ्याचा! नवाकोरा गिगाबिट स्विच बाजूला आणि सगळी लॅब म्हाताऱ्याच्या अंगणातनं वळसा घालून. महिनाभर आम्ही सर्व्हरला शिव्या घालतोय. शेवटी मेनला 4096 दिला, त्याच्या जोडीच्याला 8192. आकडा 4096 च्या पटीतच घेतो हे माहीत नव्हतं, मी 1000 टाकून एंटर मारत बसलेलो.

माहुलीची_लेक
मी ऊस दिसला म्हणून आत आले. स्पॅनिंग ट्री म्हणजे कुठलं झाड?

पाटकरी
ताई, झाड नाही. समजा दोन चाऱ्या एकमेकींना दोन्हीकडनं जोडल्यात. पाणी असतं तर मुरलं तरी असतं. नेटवर्कमधला निरोप मुरत नाही, त्याला वयच नसतं. "सगळ्यांना सांगा" असा एक निरोप सुटला की गोल गोल फिरतो, प्रत्येक वळणावर त्याच्या प्रती निघतात. घडीत सगळं तुंबतं. एसटीपी काय करतं, दोनातल्या एका चारीचं दार पाडून ठेवतं. पहिली चारी फुटली की दुसरीचं दार उचलायचं. स्विच एकमेकांना दर 2 सेकंदाला हाक मारतात, तिला बीपीडीयू म्हणतात, त्यावरनं कळतं कोण जिवंत आहे.

माहुलीची_लेक
हे कळलं. आमच्या जावेला सांगितलेलं गुपित असंच फिरतं.

मिरज_नाइट
पहाटे अडीचला हॉस्पिटलमधनं फोन. एक्स-रे वरच्या मजल्यावर दिसंनात. पोर्ट एरर-डिसेबल, म्हणजे स्विचनं स्वतःच बंद केलेला. कारण? बीपीडीयू गार्ड (दुसऱ्या स्विचची हाक आली की पोर्ट बंद करणारा) मीच लावलेला, आणि रेडिओलॉजीत कुणीतरी घरचा जुना स्विच आणून जोडलेला. गार्डनं त्याचं काम चोख केलं, शिव्या मला. डबा काढला, पोर्ट शट, नो शट, म्हणजे बंद करून चालू, परत झोप. बाकी ड्यूटी चालू आहे, नंतर लिहितो.

पोवईनाका
हॉस्पिटलवरनं आठवलं. नोव्हेंबर 2002, बोस्टनचं एक मोठं हॉस्पिटल चार दिवस कागदावर आलं होतं. कारण हेच, एसटीपी. नेटवर्क वाढत वाढत गेलं आणि त्याच्या आवाक्याबाहेर लांबलं. जुन्या हिशोबानं एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सातच स्विच धरलेत.

वसंतदादा_नगरकर
आमचा स्विच 2019 च्या पुरात गेला. सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर, आमच्या दुकानात छातीएवढं. रॅक उघडला तर आत गाळ आणि एक मेलेला खेकडा. लूपबिप काही नाही, आपलं आठवलं म्हणून. आता सगळं माडीवर.

भडंगप्रेमी
खेकडा कुठल्या पोर्टला होता 🙏

वसंतदादा_नगरकर
मेन स्विचकडं जाणाऱ्या अपलिंकला.

गंजलेला_ज्याक
@कृष्णाकाठचा मग तुम्ही नंतर एसटीपी लावलं का नाही? ते राहिलंच की. आणि एक सावध करतो, ते साधे डबे काही वेळा बीपीडीयू गिळतात. आपल्याला वाटतं एसटीपी आहे म्हणजे निवांत, पण मेन स्विचला स्वतःची हाक परत ऐकूच येत नाही, मग तो दार पाडणार कसा. माझ्या कुपवाडच्या कामात हेच झालेलं. मग लूप डिटेक्शन वेगळं लावलं, त्याची पाकिटं वेगळी असतात.

कृष्णाकाठचा
लावलं की. त्याच रात्री गाड्या कमी झाल्यावर. रॅपिड मोड (एसटीपीचा जलद प्रकार), ऑफिसच्या मेनला 4096, आणि पीसीच्या पोर्टांना एज, म्हणजे पोर्ट लगेच उघडतो. ती 30 सेकंदं म्हणजे 15 ऐकण्याची आणि 15 शिकण्याची, पीसीला ती लागतच नाहीत. हे आधी कळलं असतं तर बंद करायची गरजच नव्हती. मॅन्युअल रॅकवरच होतं, त्यावर चहाचा कप ठेवायचो. एजवर गार्ड पण टाकला. पण हौसेच्या भरात गोडाऊनच्या अपलिंकला पण एज अन् गार्ड देऊन बसलो, लगेच गोडाऊन गुल. परत क्लार्कचं पावतीपुस्तक.

माहुलीची_लेक
तो क्लार्क भला माणूस. आहे का अजून?

कृष्णाकाठचा
रिटायर झाला. यंदा शेतात हळद केलीय त्यानं.

पाटकरी
हे एसटीपी 1985 साली एका बाईंनी काढलं, रॅडिया पर्लमन, डेक या कॉम्प्युटर कंपनीत होत्या. वर त्यावर कविता पण केली.

माहुलीची_लेक
म्हणूनच नीट चालतंय. आणि थोरलीला ओरडला नाहीत ना?

कृष्णाकाठचा
नाही. उलट तिला दिवे दाखवले. ती म्हणते, "परत लावू का? मज्जा येते." आता राउटर कपाटावर ठेवलाय.

भडंगप्रेमी
स्टूल लपवा.