फीडरवर शिक्रा येऊ लागलाय, दाणे बंद करावेत का?

वेडाराघू:
गंगापूर रोड, नाशिक. मागच्या अंगणात आंब्याच्या फांदीला नळीचा फीडर टांगलाय, त्याच्या बुडाला पसरट ताटली. आत बाजरी आणि तांदळाची कणी. चिमण्या, ठिपकेवाली मुनिया, होले येतात आणि पारवे तर झुंडीनं. आठवडाभर सकाळी एक शिकारी पक्षी शेजारच्या कडुनिंबावर बसतोय. पारव्याएवढा, शेपटीवर पट्टे, छातीवर उभ्या तपकिरी रेघा. काल त्यानं चिमणी उचलली. तेव्हापासून मुनिया फिरकल्याच नाहीत. हा शिक्राच ना? फीडर काढावा का? आणि पारव्यांचं काय करायचं?

चंडोल:
चिमणी उचलली म्हणजे बहुतेक शिक्राच. छातीवर उभ्या रेघा आहेत, म्हणून अजून वयात न आलेला. प्रौढाच्या छातीवर आडवे तांबूस पट्टे असतात. पावसाळ्यात पावशाचं (कोकिळेच्या कुळातला पक्षी) पिल्लूही असंच दिसतं आणि भलेभले फसतात, म्हणून चोच बघा. शिक्र्याची आखूड नि आकडीसारखी, पावशाची सरळसर. पावशा अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो, म्हणून सातभाई त्याला भरवताना दिसले तर प्रश्नच मिटला, तो पावशा.

शिक्र्याला हुसकावू नका. गलोल, फटाके अजिबात नकोत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. शिवाय तो सरडे, पाली, उंदीरही खातो, नुसत्या चिमण्यांवर जगत नाही. फीडरवर तो येतो कारण तिथे पाखरं एकाच जागी, माना खाली घालून दाणे टिपत असतात. पाच-सात दिवस दाणे पूर्ण बंद ठेवा. गर्दी पांगली की तोही दुसरीकडे शिकार शोधतो. पाणी मात्र चालू ठेवा.

पुन्हा सुरू करताना जागा बदला. दाट झुडूप (करवंद, मेंदी, बोगनवेल) फीडरपासून दोन-तीन मीटरवर हवं. त्याहून लांब असेल तर चिमणी आडोशाला पोहोचण्याआधीच पकडली जाते. अगदी खेटून असेल तर त्यात मांजर दबा धरतं, आणि अंगणात शिक्र्यापेक्षा मांजराचाच धोका मोठा. झुडपाचा खालचा फूटभर भाग छाटून मोकळा ठेवा, म्हणजे मांजराला लपता येणार नाही.

टकाचोर:
पारव्यांसाठी आधी ती ताटली काढा. पारव्याला उभं राहायला सपाट जागा लागते. मग दीड इंची चौकोनाच्या वेल्डमेशचा पिंजरा फीडरभोवती बसवा, नळी आणि जाळी यांत चारही बाजूंनी १५ सेंमी अंतर ठेवून. अंतर कमी पडलं तर पारवा बाहेरून मान घालून दाणे ओढतो. चिमणी, मुनिया आरामात आत जातात, होले मात्र बाहेरच राहतील. कापलेल्या तारांची टोकं बाहेर वळवून घासा, नाहीतर पाय फाटतात.

दाणे रोज दोन मुठी, संध्याकाळपर्यंत संपतील एवढेच. रात्री सांडलेले दाणे म्हणजे उंदीर, आणि उंदरामागे धामण आलीच. फरसाण, शेव, खारे दाणे, पाव कधीच नको.

नाचण:
एक भर. दीड इंचातून खार सहज आत जाते, आणि फांदीला टांगलेल्या फीडरवर ती वरून उतरते. त्यापेक्षा पावणेदोन मीटरचा लोखंडी पाइप रोवा, जवळच्या फांदीपासून तो निदान अडीच मीटर दूर हवा, आणि पाइपवर फीडरच्या खाली पत्र्याचं उलटं नरसाळं बसवा. यानं मांजरही चढत नाही.

नाशिकच्या पावसात खरी अडचण बुरशीची. ओली बाजरी गोळा होऊन नळीच्या बुडाशी चिकटते आणि त्या बुरशीचं विष पाखरांना मारतं. फीडरवर रुंद छप्पर, बुडाला निचऱ्याची भोकं, आणि दर आठवड्याला धुणं. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी, दहा मिनिटं बुडवून स्वच्छ धुवा आणि पूर्ण वाळवूनच भरा. फुगून बसलेलं, डोळे सुजलेलं पाखरू दिसलं तर दोन आठवडे फीडर बंद, नाहीतर एकाचं दुखणं सगळ्या थव्याला.

पाण्याचं भांडं मातीचं, खरबरीत, चार-पाच सेंमीच खोल, आत एक दगड. पाणी रोज बदला आणि आठवड्यातून एकदा भांडं घासून कोरडं करा, म्हणजे डासांच्या अळ्या वाढत नाहीत.

आणि दाण्यांवर फक्त दाणेखाऊच येतात. बुलबुल, तांबट, शिंजीर हवे असतील तर झाडं लावा. सिंगापूर चेरी, तुती, जास्वंद, हॅमेलिया. साखरपाण्याच्या भानगडीत पडू नका, उन्हाळ्यात ते एका दिवसात आंबतं. द्राक्षं ठेवणार असाल तर फवारणीची खात्री करून, नाहीतर पपई बरी.

वेडाराघू:
आभार. पाइप रोवायला जागा आहे, पण अंगण सगळं मिळून सहा मीटर, आणि समोर हॉलची मोठी काच.

चंडोल:
मग पाइप काचेपासून एक मीटरच्या आतच रोवा. तिथून घाबरून उडालेलं पाखरू वेग घेण्याआधीच काचेशी पोहोचतं, म्हणून मार कमी बसतो. अंतर त्याहून वाढलं की धोका वाढतो. काचेला बाहेरून पांढरे ठिपके लावा, आडवे-उभे पाच-पाच सेंमीवर. एकच ससाण्याचं चित्र चिकटवून काही होत नाही, पाखरं त्याच्या बाजूनं येऊन धडकतात. झुडपाला जमिनीत जागा नसेल तर मोठ्या कुंडीतली बोगनवेलही चालेल.