मदत हवी आहे: दादाच्या स्वादुपिंडाबद्दल
नमस्कार मंडळी, आम्ही ठाण्यात कळव्याला राहतो. माझ्या मोठ्या भावाला, वय ४६, नऊ वर्षांपासून क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस (स्वादुपिंडाची जुनाट सूज) आहे, स्वादुपिंडात खडे पण आहेत, जेवणासोबत एन्झाइमच्या कॅप्सूल चालू आहेत. दारू केव्हाच सोडली पण सिगरेट सुटत नाही, त्याने कॅन्सरचा धोका अजून वाढतो हे सांगून सांगून वहिनी थकली. डॉक्टर म्हणाले होते की बहुतेकांना कॅन्सर होत नाही, २० वर्षांत साधारण १०० मधल्या ४ जणांना होतो, आनुवंशिक प्रकारात मात्र खूप जास्त. तेव्हा जरा धीर आला होता.

पण आता दोन महिन्यांत सहा किलो वजन उतरलंय, शुगर नव्यानेच वाढलीय, दुखणं पाठीत जातं, खूप भीती वाटतेय. हे जुन्या आजारानेही होतं म्हणे, म्हणून एका ठिकाणी नुसती सोनोग्राफी करून घरी पाठवलं, पण गॅसमुळे त्यात स्वादुपिंड बऱ्याचदा नीट दिसतच नाही ना?

ठाणे किंवा नवी मुंबईत एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड (तोंडातून दुर्बीण घालून आतून केलेली सोनोग्राफी) करणारे चांगले गॅस्ट्रोचे डॉक्टर सुचवाल का? की आधी सीटी काढून थेट परळला टाटामध्ये न्यावं? कोणाच्या घरी असं झालं असेल तर प्लीज लिहा, फाइल तयार आहे, उद्याही निघू.