मदत हवी आहे: २००४ च्या जिप्सीला चाकांच्या लोखंडी डिस्क घ्याव्यात की अलॉय (ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाके)?

नमस्कार.

माझ्याकडे २००४ सालची मारुती जिप्सी किंग आहे. गाडी वडिलांनी घेतली होती आणि त्यांच्यानंतर ती मी चालवतो. पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर २०१९ मध्ये पर्यावरण कर भरून तिची पुनर्नोंदणी केली, २०२४ मध्ये पुन्हा पाच वर्षांसाठी केली, आणि इंजिन व चासी दोन्ही उत्तम असल्यामुळे पुढेही ती ठेवण्याचा माझा निश्चय आहे. प्रश्न फक्त चाकांचा आहे, परंतु खर्च एकदाच करायचा असल्याने आपल्यापैकी जाणकारांचे मत घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये असे वाटते.

गाडीचा वापर आधी सांगतो, कारण माझ्या मते उत्तर त्यावरच अवलंबून आहे. आमची भातशेती मढे घाटाजवळ केळदच्या बाजूला आहे. पुण्याहून खानापूर, पाबे घाट, वेल्हे असा दर आठवड्याचा प्रवास होतो. बहुतेक रस्ता डांबरी आहे. मात्र शेवटचा दीड किलोमीटर बैलगाडीची जुनी वाट आहे. उन्हाळ्यात तिथे काळ्या कातळाचे सुटे धोंडे असतात आणि आषाढापासून तेच धोंडे चिखलाखाली दिसेनासे होतात. चिखलात पकड मिळावी म्हणून टायरची हवा मी अठरा पीएसआयपर्यंत उतरवतो, आणि अशा वेळी टायर दबून दगडाचा मार थेट रिमच्या कडेवर बसतो. वाडीतल्या कुणाला रात्री दवाखान्यात न्यायचे झाले, तर पावसाळ्यात बहुधा हीच गाडी काढली जाते. म्हणून दिसण्याचा मुद्दा मी पूर्णपणे बाजूला ठेवला आहे.

सध्याच्या पाचही डिस्क मूळच्या, लोखंडी आहेत. त्यांपैकी दोन वाकलेल्या आहेत आणि एका डिस्कमधून हवा जाते. गेल्या श्रावणात वेल्ह्याच्या पंक्चरवाल्याने ते चाक टबात बुडवले, तेव्हा बुडबुडे टायरच्या नक्षीतून न येता कडेने, टायर आणि रिम यांच्या सांध्यातून येत होते. टायर उतरवल्यावर बीड, म्हणजे टायरची आतली कड, रिमवर जिथे बसते तिथे गंजाचे पापुद्रे सुटलेले दिसले. त्याने ते कानशीने घासून काढले, आत दबलेल्या कडेला लाकडी ठोकळा लावून घणाचे मोजके घाव घातले, टायर परत चढवला आणि वीस मिनिटांत मला रस्त्याला लावले. ती डिस्क आजही चालते आहे. फक्त दर दहा-बारा दिवसांनी हवा भरावी लागते.

त्याच पावसाळ्यात माझ्या एका मित्राच्या गाडीचे अलॉय चाक आमच्याच वाटेवर दगडावर आपटले. वरून काहीही दिसत नव्हते. हवा मात्र तासाभरात उतरली, आणि चाक काढून आतल्या बाजूने पुसल्यावर कडेपासून आत गेलेली केसासारखी बारीक चीर दिसली. त्यावर वेल्ह्यात कुणाकडेही इलाज नव्हता. स्टेपनी लावून आम्ही पुणे गाठले, परंतु दुसरे चाक गेले असते तर रात्र तिथेच काढावी लागली असती. पुण्यात एका दुकानदाराने वेल्डिंग करून देण्याची तयारी दाखवली आणि मित्राने ते करूनही घेतले. दोन महिन्यांत वेल्डिंगच्या शेजारीच नवी चीर पडली.

हे अनुभव असूनही मी अलॉयचा विचार करतो आहे, त्याला कारण आहे. एका ओळखीच्या गृहस्थांनी नव्या जिम्नीची पाच अलॉय चाके विकायला काढली आहेत. त्यांनी गाडी घेतल्यावर लगेच मोठी चाके बसवल्यामुळे ही जवळजवळ कोरी आहेत. दोन्ही गाड्यांना पाच नट, १३९.७ मिलिमीटरचा पीसीडी (नटांच्या भोकांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) आणि १५ इंची रिम असल्यामुळे ती सरळ बसतील असे ते म्हणतात. किंमतही नव्या लोखंडी डिस्क घेऊन त्यांना पावडर कोटिंग (पूड फवारून भट्टीत भाजलेला रंग) करण्याच्या खर्चापेक्षा फारशी जास्त नाही. दुसरा पर्याय नाना पेठेतून लोखंडी डिस्क आणण्याचा आहे. तिथे नव्या मिळतात आणि लष्कराच्या लिलावातल्या गाड्यांच्या जुन्याही मिळतात. मात्र जुन्यांवर रंगाचे इतके थर असतात की आत काय दडले आहे ते कळत नाही.

अलॉय हलके असल्यामुळे गाडी बरी चालेल, असे गॅरेजवाल्यांचे म्हणणे आहे. मी एक जिम्नीचे अलॉय आणि माझी एक डिस्क काट्यावर ठेवून पाहिली, तर फरक किलोभरही भरला नाही. ॲल्युमिनियमची घनता लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश असली, तरी ओतीव चाकाला ताकदीसाठी जाडी ठेवावी लागते, त्यामुळे असे होत असावे. शिवाय जिप्सीला पुढे-मागे कमानपाटे आणि सलग ॲक्सल आहेत. एवढे वजन खड्ड्यात वरखाली होत असताना चाकामागे किलोभर कमी झाल्याचा कितीसा उपयोग होणार, हे मला समजत नाही.

माझ्या शंका अशा आहेत. जिम्नीची चाके जिप्सीच्या हबवर (चाक ज्यावर बसते त्या भागावर) खरोखर काही न कापता, मध्ये स्पेसरची चकती न लावता बसतात का, आणि पुढच्या फ्री व्हील हबला (पुढची चाके ॲक्सलपासून सोडवणाऱ्या यंत्रणेला) अडथळा होतो का? ऑफसेट, म्हणजे चाक हबवर किती आत किंवा बाहेर बसते ते माप, वेगळा असल्यास किंगपिन (पुढचे चाक ज्यावर वळते तो खुंट) बेअरिंगवर परिणाम होऊन स्टिअरिंगची थरथर सुरू होईल का? ती थरथर मी एकदा अनुभवली आहे आणि पाबे घाटाच्या उतारावर ती पुन्हा नको आहे. लोखंडी घ्यायच्या तर जुनी डिस्क खरोखर चांगली आहे की तिचे दोष नव्या रंगाखाली झाकलेले आहेत, हे घरच्या घरी कसे ओळखावे? आणि टायरचे माप २०५/७० आर १५ हेच ठेवून केवळ चाकाचा धातू बदलला, तर २०२९ च्या तपासणीत आक्षेप येऊ शकतो का?

आपला अनुभव सविस्तर लिहिल्यास फार मदत होईल.

प्रतिसाद: घाटमाथा

नमस्कार. आपण वापर आधी लिहिलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. माझी जिप्सी १९९८ ची आहे आणि मी तिच्यावर दोन्ही प्रकार वापरले आहेत.

जिम्नीची चाके बसतात. पीसीडी जुळतो, मधले भोक दोन्हीकडे १०८ मिलिमीटरचे आहे आणि स्टडचे (नट ज्यावर बसतो त्या बोल्टचे) आटेही १२ बाय १.२५, म्हणजे १२ मिलिमीटर जाडी आणि दर फेऱ्याला १.२५ मिलिमीटर, असेच आहेत. पुढच्या फ्री व्हील हबमुळे मधली टोपी मात्र लागत नाही. ती काढूनच ठेवावी लागते. नट हाताने फिरवून पूर्ण फेरे मोजा. स्टडची जाडी १२ मिलिमीटर आहे, तेव्हा नट निदान तेवढा तरी आत जायला हवा, म्हणजे नऊ-दहा फेरे. अलॉयचा नट बसण्याचा भाग जाड असतो आणि बाजारातल्या काही अलॉयवर सहा-सात फेऱ्यांतच नट आवळला जातो. तसे चाक कितीही सुंदर असले तरी लावू नये.

ऑफसेटसाठी कुणाच्या शब्दावर विसंबू नका, स्वतः मोजा. टायर नसलेले चाक पालथे घाला, आतल्या कडेवर एक सरळ पट्टी आडवी ठेवा आणि पट्टीपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतची खोली मोजा. आपल्या डिस्कचे आणि त्या अलॉयचे अशी दोन मापे घ्या. रिमची रुंदी सारखी असेल आणि मापांत चार-पाच मिलिमीटरपर्यंतचाच फरक असेल, तर माझ्या अनुभवात त्रास होत नाही. चाक त्याहून बरेच बाहेर आले, तर रस्त्याचा प्रत्येक धक्का किंगपिनवर जास्त तरफेने बसतो आणि बेअरिंग आधीच सैल असेल तर थरथर हमखास सुरू होते. चाके बदलण्यापूर्वी पुढचा ॲक्सल जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवून पाहा. तिथे खेळ जाणवला तर पहिला खर्च बेअरिंगवर करा, चाकांवर नव्हे.

आता धातूविषयी. लोखंड वाकते आणि वाकल्यानंतरही हवा धरून ठेवते. ओतीव ॲल्युमिनियम थोडेसेच वाकते आणि मग तडकते. आपल्या मित्राचे वेल्डिंग का टिकले नाही, याचेही कारण यातच आहे. अशी चाके ओतल्यावर त्यांना उष्णतेची प्रक्रिया देऊन ताकद आणलेली असते. वेल्डिंगच्या उष्णतेने टाक्याशेजारची पट्टी पुन्हा मऊ पडते, आणि पुढच्या ताणाने चाक नेमके तिथेच फुटते. चीर पडलेले अलॉय माझ्या मते मोडीतच द्यावे. तापवून ठोकून सरळ केलेल्या अलॉयवरही माझा विश्वास नाही.

जुनी लोखंडी डिस्क तपासण्याची माझ्या वर्कशॉपच्या मिस्त्रींनी शिकवलेली पद्धत सांगतो. नटांच्या भोकांभोवतीचा, डिस्कमधल्या खिडक्यांच्या (मोठ्या भोकांच्या) कडांचा आणि मधली थाळी रिमला जोडलेल्या वेल्डिंगवरचा रंग तारेच्या ब्रशने पूर्ण उतरवा. तिथे रॉकेल लावा. ते मिळाले नाही तर डिझेल चालते. पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने स्वच्छ पुसा आणि लगेच खडूची बारीक पूड भुरभुरवा. चीर असेल तर आत मुरलेले तेल बाहेर झिरपते आणि पांढऱ्या पुडीवर काळपट रेघ उमटते. रेघ दिसली की ती डिस्क बाद. नटांची भोके लांबट झालेली असतील तरी बाद. केवळ कड वाकलेली असेल आणि बाकी सर्व ठीक असेल, तर ती दुरुस्त होते.

चाक किती डुलते तेही पाहता येते. डिस्क हबवर लावा, कडेजवळ एक खिळा ठोकळ्यावर स्थिर धरा आणि चाक हाताने फिरवा. खिळा आणि कड यांतले अंतर दीड मिलिमीटरपेक्षा जास्त बदलत असेल, तर ते चाक मी पुढे लावत नाही.

प्रतिसाद: सह्यकडा

मी तीन वर्षे जिम्नीची अलॉय जिप्सीवर वापरतो आहे आणि समाधानी आहे. मात्र माझा वापर महामार्ग आणि अधूनमधून मुरमाचा रस्ता एवढाच आहे, आणि टायरची हवा मी कधीही उतरवत नाही. अठरा पीएसआयवर कातळातून जाणाऱ्याला मी ती सुचवणार नाही.

टायरविषयी एक सावधगिरी. चाकांबरोबर ते गृहस्थ जिम्नीचे १९५/८० आर १५ टायरही देऊ करतील. त्यांचा व्यास आपल्या मापापेक्षा सुमारे २५ मिलिमीटरने जास्त आहे; गाडी साडेबारा मिलिमीटर उचलली जाते आणि वेगमापक ६० दाखवतो तेव्हा खरा वेग ६२ च्या पुढे असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. म्हणून माप मूळचेच ठेवावे. माझ्या पासिंगच्या वेळी चाकाच्या धातूविषयी विचारणा झाली नाही, टायरचे माप मात्र वाचून पाहिले गेले. बाजारातले चाक घेतल्यास त्यावर आयएसआय चिन्ह आहे याची खात्री करावी.

धागाकर्त्याचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. काल सायंकाळी पाचही डिस्क अंगणात काढून घासल्या. रॉकेल मिळाले नाही, डिझेल वापरले. चार डिस्कवर काही उमटले नाही. पाचवीवर, म्हणजे जी मी सर्वांत चांगली समजून मागच्या दारावर स्टेपनी म्हणून ठेवली होती तिच्यावर, एका नटाच्या भोकापासून खिडकीकडे जाणारी बोटाच्या पेराएवढी रेघ स्पष्ट दिसली. ती डिस्क मी लगेच बाजूला काढली. त्या चाकाच्या भरवशावर मी आईला घेऊन कितीदा घाट उतरलो आहे, हे आठवून रात्री झोप लागली नाही.

पुढच्या चाकांच्या किंगपिनमध्ये किंचित खेळ आहे. त्यामुळे घाटमाथा यांनी सांगितल्याप्रमाणे आधी बेअरिंग बदलून घेणार आहे. जिम्नीची अलॉय घेत नाही, तसे त्या गृहस्थांना कळवले. नाना पेठेतून दोन नव्या लोखंडी डिस्क आणतो. ज्या रिमची बीड बसण्याची जागा गंजली आहे, तिला सँड ब्लास्टिंग (वाळूच्या माऱ्याने गंज काढणे) करून पाहतो. धातू खोल खाल्ला गेलेला नसेल तरच ती ठेवेन.

एक शंका मात्र अजून उरली आहे. पावडर कोटिंगवाला संपूर्ण डिस्क भट्टीत रंगवून देतो म्हणतो. हबला टेकणाऱ्या भागावर आणि नटांच्या खाचांत रंगाचा जाड थर राहिला, तर तो दाबाने झिजून नट ढिले पडतील अशी मला भीती वाटते. ते भाग झाकून रंगवायला सांगावे, की त्यांवर नुसता पातळ प्रायमर मारावा? आपल्यापैकी कुणी हे करून घेतले असल्यास कृपया सांगावे. डिस्क येत्या शनिवारी द्यायच्या आहेत.

प्रतिसाद: घाटमाथा

ती डिस्क वेळीच सापडली हे फार चांगले झाले. तिला कटरने चीर देऊन मगच भंगारात द्या, म्हणजे रंग लावून ती पुन्हा कुणाच्या गाडीला लागणार नाही.

ते भाग झाकूनच रंगवायला सांगा. टेकणारा पृष्ठभाग आणि नटांच्या खाचा उघड्या ठेवून, बसवताना त्यांवर प्रायमरचा एकच पातळ हात फिरवा आणि तो पूर्ण वाळू द्या. खाचांना ग्रीस लावू नका. चाके बसवल्यानंतर नट एकाआड एक क्रमाने टॉर्क पान्याने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळा, आणि ऐंशी-शंभर किलोमीटर झाल्यावर गाडी थंड असताना पुन्हा तपासा. आपल्या बाबतीत पुण्याहून केळदला पोहोचलात की दुसऱ्या दिवशी सकाळी, शेताच्या वाटेला लागण्यापूर्वी, एकदा तपासा आणि परत पुण्यात आल्यावर पुन्हा एकदा.