वेस्ट पॉकेट कोडकच्या पाठीवरची छोटी झडप कशासाठी?

राजवाडा_इंदूर
जुन्या सामानात वेस्ट पॉकेट कोडक हा छोटा घडीचा फिल्म कॅमेरा मिळालाय. भिंगाची पाटी ओढली की कैचीसारख्या पट्ट्यांवर भाता उघडतो. मागे लहान झडप, शेजारी धातूची काडी. झडपेचं काम काय? पाठ उघडतच नाही, मग रोल घालायचा कुठून?

भिंगवाला_बडोदे
तो ऑटोग्राफिक. हेन्री गाइसमनची कल्पना, कोडकने 1914 मध्ये बाजारात आणली. फिल्म आणि मागचा कागद यांच्यामध्ये कार्बनसारखा पातळ कागद असे. फोटो काढून झाला की रोल फिरवण्याआधी झडप उघडायची आणि काडीने दाबून तारीख-ठिकाण लिहायचं. दाब पडलेल्या रेघांतून उजेड आत जाई. म्हणून झडप काही सेकंद आभाळाकडे धरायची, थेट उन्हात नाही. अक्षरं दोन फोटोंमधल्या पट्टीत उमटत. ही फिल्म 1932 मध्ये बंद झाली. आजच्या रोलवर काहीच उमटणार नाही, तेव्हा झडपेवर काळी टेप लावून टाका.

काळोखखोली_ग्वाल्हेर
रोल 127 या मापाचा, 46 मिमी रुंद. कॅमेऱ्याच्या एका बाजूची पट्टी सरकवून काढा. कागदाचं टोक आधी रिकाम्या फिरकीत अडकवा, मग दोन्ही फिरक्या मध्ये कागद ताणून एकदमच आत सरकवा. कागद सैल राहिला तर कडेला मुडपतो आणि पुढे अडकतो. फिल्म ताणण्याची सवय लागेपर्यंत एक खराब रोल उजेडात घालून पाहा.

127 मिळत नसेल तर 120 या त्याहून रुंद मापाची फिल्म पूर्ण अंधारात 46 मिमी कापा आणि जुन्या 127 च्या कागदात गुंडाळा. 120 च्या कागदावरचे आकडे भरवशाचे नाहीत, फोटो एकमेकांवर चढतात. आता जुना कागद आणि दोन्ही फिरक्या फेकू नका, त्याच खऱ्या दुर्मीळ.

राजवाडा_इंदूर
भात्याला छिद्रं असतील का? आणि शटर थोडं अडखळतं.

भिंगवाला_बडोदे
अंधाऱ्या खोलीत भात्यात बारीक एलईडी सोडा, घड्यांचे कोपरे नीट बघा. छिद्रावर काळा कापडरंग, पण अगदी पातळ. जाड थर दिला की भाता मिटत नाही आणि पुढच्या वेळी तिथेच फाटतो. शटरला तेल मुळीच नको, पात्यांवर चिकटतं. लायटरच्या पेट्रोलचा एखादा थेंब पुरे, आणि पूर्ण वाळू द्या. पाठीवरची लाल खिडकी, जिच्यातून कागदावरचा फोटोचा आकडा दिसतो, तीही झाकून ठेवा, फक्त रोल फिरवताना उघडा. जुन्या फिल्मला लाल उजेड दिसत नसे, आजच्या फिल्मला दिसतो.

आयएसओ 100 (फिल्मची उजेड टिपण्याची क्षमता), कडक ऊन: भिंगाच्या छिद्राचा आकडा 3, शटरचा वेग 50, म्हणजे 1/50 सेकंद.