मदत हवी आहे: छातीच्या इम्प्लांटचं ऑपरेशन करायचंय, आधी काय काय विचारू?

मैत्रिणींनो, मी नाशिकची, इंदिरानगरला राहते. वय ३२, मुलगी ४ वर्षांची. तिचं अंगावरचं दूध सुटल्यापासून छाती पार ओसरली. नवऱ्याचा आग्रह नाही, इच्छा माझीच आहे.

एका क्लिनिकमध्ये जाऊन आले. दहा मिनिटांत साइज आणि हप्ते सांगून मोकळे! जोखमीबद्दल चकार शब्द नाही, याचा फार राग आला. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की इम्प्लांट जन्मभराचं नसतं, पुढे काढावं किंवा बदलावं लागू शकतं. भोवतीचं आवरण आवळून छाती कडक, दुखरी होऊ शकते. सिलिकॉनचं इम्प्लांट आतल्या आत फाटलं तर बाहेरून समजतही नाही. म्हणून अमेरिकेचं एफडीए (औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) ऑपरेशननंतर ५-६ वर्षांनी एमआरआय किंवा सोनोग्राफी आणि नंतर दर २-३ वर्षांनी तपासणी सुचवतं. तो खर्च कुणी धरतच नाही. खरखरीत इम्प्लांटचा लिम्फोमा या कॅन्सरच्या एका दुर्मीळ प्रकाराशी संबंध आढळलाय, २०१९ साली ॲलर्गन कंपनीने आपली तशी इम्प्लांट जगभरातून परत मागवली. त्यामुळे मला गुळगुळीतच हवं.

आता खरी अडचण. आम्हाला दुसरं मूल हवंय. स्तनाग्राच्या कडेने छेद घेतला तर दूध पाजायला त्रास होण्याची शक्यता जास्त, असं वाचलं. कुणी छातीखालच्या घडीतून छेद घेऊन ऑपरेशन करून नंतर बाळाला पाजलंय का? की बाळंतपण होईपर्यंत थांबू?

नाशिकमध्ये प्लास्टिक सर्जरीत एम.सीएच. केलेल्या, नीट वेळ देणाऱ्या डॉक्टर माहीत असतील तर मेसेज करा. आणि मुलीला किती दिवस उचलून घेता आलं नाही, तेही सांगा ना.